पणजोबांचा आघात पणतीपर्यंत कसा पोहोचतो? इस्रायलमधील अश्दोदच्या एका कुटुंबाच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न प्रथम थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर कोणत्या घराबद्दल आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपले माहेर कोकणातल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजातले आणि लहानपण ठाण्यात गेले. आजी-आजोबा आणि आत्या 1962 मध्ये रेवदंड्याहून इस्रायलला आले आणि नेगेव वाळवंटातील दिमोना या गावात स्थायिक झाले. वडील मुंबईतल्या नोकरीमुळे मागे राहिले आणि आपण लग्नानंतर अश्दोदला आलात. आपल्या सासूबाई 1947 मध्ये जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत जन्मल्या; त्यांचे आईवडील पोलंडचे, होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, बचावलेले. आपली चौदा वर्षांची मुलगी ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यापासून एकटी झोपत नाही, मोटारसायकलचा आवाज आला तरी दचकते आणि शाळा बुडवू लागली आहे. सासरची माणसे म्हणतात की हे आमच्या रक्तातच आहे. हे खरे का, सासूबाई काहीच बोलत नाहीत तर मुलीला किती सांगावे, आणि ‘तुमच्याकडे तर काहीच घडले नव्हते’ असे ऐकवले जाते तेव्हा माहेरच्या माणसांनी जे सोसले ते मोजायचेच नाही का, असे आपण विचारले आहे. स्थलांतरित कुटुंबांबरोबर इस्रायलमध्ये अनेक वर्षे मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना हे तिन्ही प्रश्न मी वेगवेगळ्या घरांतून ऐकले आहेत. एकाच घरातून तिन्ही एकदम आले याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण ते एकमेकांत गुंतलेलेच आहेत.

‘रक्तात आहे’ या म्हणण्यामागे एक खरे संशोधन आहे, म्हणून ते झिडकारणे योग्य नाही. पण त्या संशोधनाने जेवढे म्हटले त्याहून कितीतरी अधिक त्याच्या नावावर सांगितले जाते. न्यू यॉर्कमधील माउंट सिनाई येथील रेचल येहुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात होलोकॉस्टमधून बचावलेल्या 32 व्यक्तींचे आणि त्यांच्या 22 प्रौढ मुलांचे रक्त तपासले. ताण आला की शरीराने किती आणि कसा प्रतिसाद द्यावा याच्याशी संबंध असलेले एफकेबीपी5 नावाचे एक जनुक आहे. त्या जनुकाची मूळ रचना न बदलता त्याच्या कामावर परिणाम करू शकणाऱ्या काही रासायनिक खुणा असतात, आणि या अभ्यासाचा रोख त्या खुणांवर होता. तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा बचावलेल्यांमध्ये या खुणांचे प्रमाण अधिक, तर त्याच ठिकाणी त्यांच्या मुलांमध्ये कमी आढळले. तुलनेच्या गटात मात्र फक्त 8 पालक आणि 9 मुले होती. शिवाय ही मुले त्याच आईवडिलांच्या हाताखाली, त्याच भयात आणि त्याच मायेत वाढलेली होती. तेव्हा आढळलेला फरक जन्मासोबत आला की त्या घरात वाढताना घडला, हे अशा तपासणीतून वेगळे काढता येत नाही. आपल्या मुलीपर्यंत, म्हणजे चौथ्या पिढीपर्यंत, अशी खूण उतरते असे माणसांच्या बाबतीत कोणी सिद्ध केलेले नाही. ‘रक्तात आहे’ हे वाक्य चौदा वर्षांच्या मुलीसमोर कृपया उच्चारू नका. त्यातून तिला एवढेच कळते की आपल्यात जन्मजात काहीतरी बिघडलेले आहे आणि त्यावर इलाज नाही, आणि या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

येहुदा यांच्याच गटाचे आणखी एक निरीक्षण मला उपचारांसाठी अधिक मोलाचे वाटते, ते मात्र फारसे कोणाच्या कानावर जात नाही. मुलांमधील जोखीम आईवडील छळछावणीत होते की नव्हते यापेक्षा त्यांना आघातोत्तर तणाव विकार (जीवघेण्या प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) जडला होता की नाही यावर, आणि विशेषतः आईच्या आजारावर, अधिक अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. इतिहास कोणाला बदलता येत नाही. आजारावर मात्र उपचार करता येतात, आणि एका पिढीवर वेळेत उपचार झाले तर पुढच्या पिढीवरचे ओझे हलके होऊ शकते.

या विषयाची सुरुवातच रुग्णालयातून झाली, आणि त्यामुळे आपल्या समजुतीला एक बाक आला. 1966 मध्ये मॉन्ट्रियलचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिव्हियन राकॉफ यांनी लिहिले की बचावलेल्यांची मुले आपल्याकडे मोठ्या संख्येने उपचारांसाठी येत आहेत, आणि कधीकधी आईवडिलांपेक्षा मुलांचीच अवस्था अधिक बिकट दिसते. त्यानंतर ‘दुसरी पिढी’ म्हणजे आजारी पिढी असे समीकरण रूढ झाले. दवाखान्यात न गेलेल्या असंख्य मुलांकडे पाहण्याचे काम बरेच पुढे झाले. नेदरलँड्समधील व्हान आयझेंडूर्न आणि बाकरमन्स-क्रॅनेनबर्ग यांनी हैफाचे अव्राहम सागी-श्वार्त्झ यांच्यासह 2003 मध्ये 32 नमुन्यांतील 4,418 व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा सर्वसामान्य लोकसंख्येतून निवडलेल्या दुसऱ्या पिढीत आजाराचे प्रमाण अधिक असल्याचा पुरावा मिळाला नाही. जी माणसे अन्य कारणांनीही आधीच उपचाराखाली होती त्यांच्यातच फरक दिसला. तिसऱ्या पिढीबद्दल 2008 मध्ये 13 नमुन्यांचा असाच आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष तोच निघाला. ज्या आईवडिलांनी सारे कुटुंब गमावले होते, त्यांच्यापैकी बहुतेकांनी धडधाकट मुले वाढवली. ही गोष्ट आघातापेक्षा अधिक थक्क करणारी आहे, आणि तिची चर्चा पुरेशी होत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी एक अपवाद लक्षात ठेवावा लागतो, आणि तो आपल्या घराला लागू पडण्याजोगा आहे. तेल अवीवच्या झहावा सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 च्या लेबनॉन युद्धात मानसिकदृष्ट्या कोसळलेल्या सैनिकांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांचे आईवडील होलोकॉस्टमधून बचावलेले होते त्या सैनिकांमधील विकार इतर सैनिकांच्या तुलनेत अधिक काळ टिकला होता. म्हणजे एरवी ही माणसे कोणाहून कमी नसतात, पण नवा जीवघेणा प्रसंग आला की सावरायला त्यांना अधिक वेळ लागू शकतो. 1991 च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रे येत असताना घरोघरी विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे वाटले गेले आणि खिडक्या-दारांच्या फटी चिकटपट्टीने बंद करून लोक खोलीत बसले, तेव्हा छावण्या पाहिलेल्या वृद्धांना इतर वृद्धांपेक्षा कितीतरी अधिक त्रास झाला. बंद खोली आणि वायू या दोन गोष्टी एकत्र आल्यावर तसे होणे स्वाभाविकच होते. आपल्या सासूबाई त्या वेळी साधारण 44 वर्षांच्या आणि आपले यजमान लहान असतील. त्या खोलीत आपल्या आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर यजमानांनी काय पाहिले, हे त्यांना कधीतरी शांतपणे विचारा. भोंगा वाजल्यावर मुलीबरोबर घरातल्या सुरक्षित खोलीत (क्षेपणास्त्रांपासून बचावासाठीच्या खोलीत) शिरताना यजमानांचे हात कसे होतात, त्याचे उत्तर कदाचित तिथे सापडेल.

पुढच्या पिढीकडे जाते ते बहुतांशी अशा वाटांनी. न्यू यॉर्कमध्ये 1975 पासून बचावलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलांच्या गटांबरोबर काम केलेल्या याएल दानिएली यांनी दाखवले की ही सगळी घरे एकसारखी नव्हती. काही घरांत सतत भीती आणि शोक होता, काहींत लढाऊपणा होता आणि रडण्याला बंदी होती, काहींत भावनाच गोठल्यासारख्या होत्या, आणि काही घरांनी यश मिळवून भूतकाळावर मात करण्याचा ध्यास घेतला होता. बेरशेबाच्या बेन-गुरियन विद्यापीठातील दान बार-ओन यांनी एकेका कुटुंबातील तीन-तीन पिढ्यांशी बोलून दुहेरी भिंतीची कल्पना मांडली. मुलांना त्रास होऊ नये म्हणून आईवडील आपल्या बाजूने एक भिंत बांधतात. आईवडिलांना त्रास होऊ नये म्हणून मुले आपल्या बाजूने दुसरी बांधतात. आणि पुढे एकाने आपली भिंत उघडली तरी समोर दुसऱ्याची उभीच असते. आपल्या सासूबाईंचे मौन मी असे पाहते. छावणीत जन्मलेले मूल म्हणून त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी आली असणार. जेरुसलेममधील मानसोपचारक दिना वार्दी यांनी अशा मुलांना स्मृतीच्या मेणबत्त्या म्हटले. युद्ध संपल्यावर एकदोन वर्षांत जन्मलेल्या, मारल्या गेलेल्या आजीचे किंवा मावशीचे नाव दिलेल्या या मुलांनी गेलेल्या सगळ्यांची जागा भरून काढावी, अशी न बोललेली अपेक्षा त्यांच्याकडून असे. फ्रीजमध्ये तीन-तीन पाव ठेवणाऱ्या आणि नातीला शाळेतून पाच मिनिटे उशीर झाला तरी फोन करणाऱ्या सासूबाईंबद्दल आपण थोडे वैतागून लिहिले आहे. तो वैताग मला समजतो. पण सगळी माणसे गमावलेल्या आईवडिलांचे पहिले मूल होऊन वाढणे म्हणजे काय, याचा विचार करून त्यांच्याकडे पुन्हा एकदा पाहावे, अशी माझी विनंती आहे.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण या संपूर्ण विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यातच आहे. हान्स कायलसन हे जर्मनीतून 1936 मध्ये नेदरलँड्सला पळून गेलेले ज्यू डॉक्टर होते; त्यांचे आईवडील आउशविट्झमध्ये मारले गेले. युद्धानंतर त्यांनी अनाथ झालेल्या ज्यू मुलांबरोबर आयुष्यभर काम केले आणि 1979 मध्ये आपला प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आघाताचे तीन टप्पे मानले: छळ सुरू होण्याचा काळ, पकडले जाणे, लपून राहणे किंवा छावणी यांचा काळ, आणि सुटकेनंतरचा काळ. दुसरा टप्पा अतिशय भयंकर असूनही ज्यांना तिसऱ्या टप्प्यात समजून घेणारी माणसे मिळाली, अशी मुले पुढे तुलनेने सावरली. दुसरा टप्पा त्या मानाने सौम्य असूनही ज्यांचा तिसरा टप्पा वाईट गेला, त्यांचे अधिक नुकसान झाले. स्थलांतरितांच्या मानसिक आरोग्यासाठी याहून मोलाचे निरीक्षण मला ठाऊक नाही. माणसाला काय सोसावे लागले हे तर विचारायलाच हवे, पण पोहोचल्यानंतर त्याचे कोणी ऐकले का, त्याला कोणी मान दिला का, हेही तितक्याच गांभीर्याने विचारायला हवे.

सासरच्या माणसांचा तिसरा टप्पा इस्रायलमध्येच गेला आणि तो सुखाचा नव्हता. नव्या देशाला पराक्रमी माणसे हवी होती. छावण्यांमधून आलेल्यांना ‘तुम्ही लढला का नाहीत’ असे विचारले जाई, आणि त्यांच्यासाठी त्या काळी वापरला गेलेला ‘साबण’ हा, नाझींनी ज्यूंच्या चरबीचा साबण केला या अफवेवरून आलेला, हिणवणारा शब्द जुन्या माणसांना आजही आठवतो. 1961 मध्ये जेरुसलेमला ज्यूंच्या संहाराची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइखमन याच्यावर खटला चालला, शंभराहून अधिक साक्षीदारांनी सांगितलेले रेडिओवरून घराघरांत पोहोचले, आणि तेव्हा कुठे ऐकण्याला आरंभ झाला. बचावलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना मानसिक आधार देणारी ‘अम्खा’ ही संस्था जेरुसलेममध्ये 1987 मध्ये उभी राहिली, म्हणजे युद्ध संपल्यानंतर 42 वर्षांनी. सासूबाईंच्या आईवडिलांना तरुणपणी कोणी विचारलेच नसेल, आणि विचारू लागले तोवर गप्प राहणे हेच त्यांचे जगणे झाले असेल.

माहेरच्या माणसांना पहिले दोन टप्पे भोगावे लागले नाहीत, हे मान्य करायला हवे आणि त्याबद्दल कृतज्ञही राहायला हवे. कोकणात शनिवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायलांचा ज्यू असल्यामुळे शेजाऱ्यांनी छळ केला नाही. ज्यू समाजाच्या जगभरच्या इतिहासात असा अनुभव विरळाच. त्यांच्या वाट्याला आला तो थेट तिसरा टप्पा. मुंबईत रेल्वेत, टपाल खात्यात, गिरणीत, रुग्णालयात मानाने काम केलेली माणसे नेगेवच्या वाळवंटातील नव्या वसाहतींत अंगमेहनतीच्या कामावर लागली. त्याआधी, 1951-52 मध्येच, भेदभावाला कंटाळून काही कुटुंबांनी सत्याग्रह करून परत भारतात पाठवण्याची मागणी केली होती आणि काही खरोखर परतलीही. 1962 मध्ये मुख्य रब्बीनेटने, म्हणजे इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह नोंदवणाऱ्या सर्वोच्च धार्मिक संस्थेने, काढलेल्या सूचनांनुसार बेने इस्रायल व्यक्तीचा समाजाबाहेर विवाह नोंदवण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची, चौकशी करावी लागू लागली. पिढ्यानपिढ्या शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळत आलेल्या आणि एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा करत आलेल्या माणसांना ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून’ असा प्रश्न ज्या देशात विचारला गेला, त्याच देशात ते ज्यू म्हणूनच आले होते. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले, संसदेत विषय गेला, सरकारने त्यांच्या बाजूने भूमिका घेतली आणि सूचनांतून समाजाचे नाव वगळले गेले. आपल्या आत्याचे लग्न 1963 मध्ये याच चौकशीपायी अडले होते असे आपण लिहिले आहे. आत्या आजही शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून ते लग्नाच्या कतुब्यापर्यंत (विवाहकरारापर्यंत) प्रत्येक कागद कपाटात जपून ठेवतात आणि कोणत्याही सरकारी कचेरीत जायचे म्हटले की त्यांचे पोट बिघडते, हेही आपण लिहिले आहे. त्या कागदांमागचे कारण घरातल्या मुलांना सांगितलेले नसेल, तर मुले एवढेच शिकतात की आपल्यावर कोणीही, कधीही शंका घेऊ शकतो. ही गोष्ट छळछावणीच्या तोडीची नाही. पण ती खरी आहे, तीही पिढी ओलांडते, आणि तिची दखल घेण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या दुःखाची परवानगी लागत नाही.

इतर समाजांच्या बाबतीतही असेच दिसते. येथे एकच उदाहरण देते. 1984-85 मध्ये इथिओपियाचे ज्यू पायी सुदान गाठून तेथून विमानाने इस्रायलला आणले गेले. वाटेत आणि सुदानच्या छावण्यांत सुमारे चार हजार माणसे दगावली असे मानले जाते. तो शोक उराशी घेऊन आलेल्या या लोकांनी दिलेले रक्त रक्तपेढी गुपचूप फेकून देत होती, हे 1996 मध्ये उघड झाले तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. माझ्याकडे येणारी इथिओपियन तरुण मुले आईवडिलांच्या पायी प्रवासाबद्दल बहुधा अभिमानाने बोलतात, आणि त्यांचा आवाज कापतो तो या दुसऱ्या प्रसंगाबद्दल बोलताना.

आपल्या घरात कोणाचे दुःख मोठे ही स्पर्धा सुरू झाली आहे, ती मात्र थांबवावी लागेल. बार-ओन यांनी 1992 पासून बचावलेल्यांची मुले आणि नाझी गुन्हेगारांची मुले यांना एकत्र बसवून परस्परांच्या कहाण्या ऐकायला लावल्या, आणि पुढे उत्तर आयर्लंड, दक्षिण आफ्रिका येथील तसेच पॅलेस्टिनी सहभागींनाही त्या गटात आणले. तिथे जमले, तर एका जेवणाच्या मेजाभोवती का जमू नये? शुक्रवारी रात्री सगळे जमतात तेव्हा आत्यांनाही एकदा बोलवा. सासूबाईंना थेट छावणीबद्दल विचारू नका. त्यांच्या आईने पहिल्या घरात काय शिजवले, शेजारी कोण होते, असे विचारा. युद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतरच्या आयुष्यापासून सुरुवात केली की माणूस स्वतःच्या गतीने मधल्या काळाकडे वळतो, किंवा वळत नाही, आणि न वळण्याचा त्याचा हक्क आहे. इस्रायलच्या शाळांत कुटुंबाच्या मुळांविषयी प्रकल्प करून घेतात. आपल्या मुलीने तो केला असेल तर तो पुन्हा काढा आणि त्यात रेवदंड्याची बाजू किती पाने आहे ते पाहा.

मुलीला किती सांगावे? ती विचारेल तेवढे, खरे, आणि शेवट सांगून. पणजी-पणजोबा जगले, त्यांना मूल झाले, ते मूल आज इथे बसले आहे, हा भाग वगळून भयाचा भाग सांगू नये. कत्तलीची वर्णने आणि छायाचित्रे या वयात उपयोगाची नाहीत. अकरावी-बारावीच्या मुलांची शैक्षणिक सहल पोलंडला जाते, तिचाही निर्णय तेव्हा तिची अवस्था पाहून घ्यावा. न जाणे म्हणजे कोणाचा विश्वासघात नव्हे, हे घरातील मोठ्यांनी तिला आधीच सांगावे.

यातून एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. मुलीचा त्रास आधी आजच्या, क्षेपणास्त्रांचा इशारा देणाऱ्या भोंग्यांचा, आजच्या बातम्यांचा आणि आजच्या मोबाइलवरच्या चित्रफितींचा आहे. पूर्वजांचा इतिहास समजून घेणे हा तिच्यावरचा उपचार नव्हे. झोप न लागणे, दचकणे, शाळा टाळणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली असतील, आणि आपल्या लिहिण्यावरून ती टिकली आहेत, तर तिला तपासून घ्यायलाच हवे. आपल्या कुपात होलिमच्या (आरोग्यनिधीच्या) बालरोगतज्ज्ञांकडून मुलांच्या मानसोपचार विभागासाठी शिफारसपत्र घ्या. 2015 पासून ही सेवा आरोग्यनिधींनीच द्यायची आहे. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून त्याच आठवड्यात शाळेच्या समुपदेशिकेलाही भेटा. आघातकेंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) या दोन पद्धतींचे प्रशिक्षण उपचारकाने घेतले आहे का, हे स्पष्ट विचारा. तोवर एक नियम घरात पाळा: ज्याची तिला भीती वाटते ते संपूर्ण टाळू देऊ नका, आणि एकदम पूर्णही करायला लावू नका. पहिल्या आठवड्यात तिच्या खोलीत गादी टाकून आपण झोपा, पुढे दाराबाहेर, मग शेजारच्या खोलीत. शाळेतही आधी दोन तास, मग अर्धा दिवस. यजमानांनाही भोंग्याच्या वेळी त्रास होत असेल तर त्यांनी स्वतःसाठी वेगळी वेळ घ्यावी. वडील आपल्या भीतीसाठी मदत घेताना मुलीला दिसले तर तिला स्वतःची लाज कमी वाटेल. ती जगण्याविषयी निराशेचे काही बोलली, जेवण सोडले किंवा स्वतःला इजा केली, तर यादीची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. रात्री-अपरात्री नुसते कोणाशी बोलावेसे वाटले तर ‘एरान’ या फोनवर मानसिक आधार देणाऱ्या संस्थेचा 1201 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तो आपल्यासाठीही आहे.